ऑकलंड ते परळ, वीस तास

अकरा वर्षांपूर्वी परळच्या आमच्या चाळीतून निघाले, तेव्हा आई एअरपोर्टवर आली नाही. "तिथे काचेच्या बाहेरच उभं राहायचं ना, मग इथूनच बघते," म्हणाली आणि गॅलरीत उभी राहिली. टॅक्सीत बाबांनी एकच चौकशी केली.

"विमान सरळ जातं?"

"नाही, सिंगापूरला बदलायचं. सगळे मिळून वीस तास."

"वीसच ना? मग काय लांब नाय. आम्ही गावाला बोटीने जायचो, त्यात याच्यापेक्षा जास्त वेळ जायचा."

मिलमध्ये उभं आयुष्य गेलेल्या माणसाने मुलीला धीर दिला होता. मीही तो खरा मानला. ऑकलंडमध्ये हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. मध्ये बारा हजार किलोमीटर आहेत हे ठाऊक होतं, पण व्हिडिओ कॉलवर आईची फोडणी ऐकू यायची. कधीही निघालं की दुसऱ्या दिवशी घरी, असं मी स्वतःला सांगत राहिले. बाहेर राहणारे तुम्हीही हेच सांगत असाल.

गेल्या वर्षी धाकट्या भावाचा, मिलिंदचा फोन आला. "ताई, आईला स्ट्रोक आलाय. डॉक्टर बोलले, बोलवा तिला." घाईत मिळालेल्या तिकिटात सिंगापूरला अकरा तासांचा थांबा होता. विसाचे सत्तावीस-अठ्ठावीस होणार होते. मुलीला नवऱ्याकडे सोपवलं आणि निघाले.

सिंगापूरला सकाळी उतरले. फोन सुरू केला आणि मिलिंदचा आवाज ऐकूनच कळलं. आई पहाटे गेली होती.

"आज दुपारीच करायचं म्हणतायत सगळे," तो म्हणाला. "तू सांगशील तर थांबतो. मॉर्गमध्ये ठेवता येईल. पण बाबा…"

"काय म्हणाले बाबा?"

"बोलतात, तिला थंडी सोसत नाय. बर्फात ठेवू नका."

आधीचं विमान मिळतं का, म्हणून मी काउंटरवर विचारून आले. जागा नव्हती. मग मिलिंदला सांगितलं, थांबू नकोस. दुपारी त्याने व्हिडिओ कॉल लावला. पांढऱ्या कपड्यातली माणसं त्रिसरण म्हणत होती. माझ्या शेजारी एक बाई नूडल्स खात होती. तिच्यासमोर रडायची लाज वाटली, म्हणून मी बाथरूममध्ये गेले. तिथे नेटवर्क गेलं. आईला उचलताना मी पाहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा बाबा खाटेवर बसले होते. "जेवलीस?" एवढंच विचारलं. मी त्यांच्याजवळ बसले.

पंधरा दिवसांनी परत निघताना बॅग भरत होते. बाबा जवळ आले, मिलिंदला हाक मारली आणि आम्हा दोघांना म्हणाले, "माझ्या टायमाला कोणी थांबायचं नाय. आणि तू यायची घाई करू नको. पोरीची शाळा असते."

"असं काय बोलता, बाबा?"

"हो बोल, म्हणजे माझ्या जीवाला घोर नाय."

मिलिंद जमिनीकडे बघत राहिला. मी हो म्हणाले.

माझ्यावाचून काय काय करायचं, हे त्या घरात आता ठरलेलं आहे. तरी रजेचा अर्ज भरताना कारणाच्या रकान्यात मी अजून 'घरी जाते' असंच लिहिते.