विखवालीची लेक

दिवसभर मी अमरावतीच्या एका विमा कचेरीत कारकुनी करते. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आतल्या खोलीचं दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत मोबाईलपुढे बोलत बसायचे आणि ते रेकॉर्डिंग नेटवर टाकायचे. विषय एकच, खुनी माणसं. लंडनच्या धुक्यात बायकांचे गळे कापून कायमचा नाहीसा झालेला तो एक, रुमालाचा फास टाकून वाटसरूंना मारणारे ठग, नवऱ्यामागून नवऱ्याला विष घालणाऱ्या परदेशी बायका. सगळं आमच्या वऱ्हाडीत. "आता पाहा बाप्पा, हा गडी काय करून राह्यला," असं म्हटलं की ऐकणाऱ्याला हसू यायचं, आणि हसता हसता भीती वाटायची. दर्यापूरपासून पुण्यापर्यंत पांगलेली आमच्याकडची माणसं ऐकायची आणि कळवायची, "ताई, मस्त."

ही आवड वडिलांमुळे लागली. ते वाचनालयातून रहस्यकथा आणत आणि त्यांचं वाचून झालं की मी ती पुस्तकं पळवत असे. त्यातला गुप्तहेर खोलीत शिरतो, उष्ट्या कपाकडे बघतो, खिडकीच्या कडीला हात लावतो आणि शेवटी सगळ्यांना बसवून कोणी, कसं, कशासाठी ते सांगून टाकतो. मला ते फार आवडायचं. माझ्या प्रत्येक गोष्टीत मध्येच एक जागा यायची, तिथे मी आवाज खाली आणून म्हणायचे, "आता आपन गुप्तहेर होऊ." मग कागदावर जे नसेल ते मी डोक्याने जुळवून सांगायचे.

मागच्या वर्षी मी विखवालीची गोष्ट केली. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना हे नाव ठाऊक आहे. दर्यापूरकडच्या एका खेड्यातली सून. तिने एका दुपारी नवरा, सासरा आणि दीर अशा तिघांना जेवणातून विष घातलं, जन्मठेप झाली आणि ती तुरुंगातच वारली. लहानपणी मूल जेवायला कुरकुरलं की आया म्हणायच्या, "जेवतं का बोलवू विखवालीले?" जुन्या वर्तमानपत्रांतल्या दोन-तीन बातम्या मला मिळाल्या. त्यांत शेवटी एक ओळ होती, की आरोपीची तान्ही मुलगी शेजारच्या घरी सुखरूप सापडली.

ही ओळ मी पकडली. पोरगी वाचली कशी? मी गुप्तहेर झाले. म्हटलं, पोरीने त्या भाजीतलं बोटभर चाटलं असतं तरी ती मेली असती. म्हणजे काय? म्हणजे या बाईने आधी पोरीला मांडीवर घेतलं, दूध-भात भरवला, तिचं तोंड पुसलं, शेजारी नेऊन ठेवलं आणि मग थंड डोक्याने ताटं वाढली. तिचा कट पक्का होता याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? बाईला समोर उभी करायची म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं. भरवताना ओवी गुणगुणायला लावली. आणि वाढताना तिच्या तोंडी टाकलं, "चव कशी हाय, भावजी?" तिथे मी स्वतःच हसले होते. ते हसू रेकॉर्डिंगमध्ये तसंच राहू दिलं, कारण लोकांना माझं हसू आवडायचं.

ही गोष्ट आधीच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त ऐकली गेली.

पावसाळ्याच्या मध्यावर अकोल्याहून एका बाईचा फोन आला. आवाज वयस्क होता. "तुमीच का त्या गोष्टीवाल्या? मी तिची पोरगी व्हय." मला आधी कळेचना. "कोणाची?" "विखवालीची." मी कचेरीत होते. उठून जिन्यात गेले. आता शिव्या पडणार, कदाचित वकिलाची भाषा, असं वाटलं. पण ती म्हणाली, "एकडाव या ना घरी. चहा प्याले."

पुढच्या शनिवारी मी एस.टी.ने अकोल्याला गेले. मूर्तिजापूर गेल्यावर उतरून परत फिरावं, असं एकदा मनात आलंसुद्धा. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात त्यांचं घर होतं. फुलांचा धंदा. ओसरीवर झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटाचा वास. साठीच्या आसपासची, ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई पाय पसरून हार ओवत बसली होती. सुनेने मला खुर्ची दिली.

"बसा बाई. गाडीले गर्दी होती का?"

मी तयार करून आणलेलं वाक्य बोलून टाकलं. "मावशी, मला माफ करा. त्या गोष्टीत मी जे हसले..."

"तो हासन्याचा भाग मी पुढं ढकलतो," ती म्हणाली. सुई थांबली नाही. "सुनेनं शिकवलं कसं ढकलाचं ते. बाकी रोज आयकतो."

मग तिने सांगितलं. आईच्या मावशीने तिला अकोल्याला आणून वाढवलं. त्या घरात आईचं नाव काढायची बंदी होती. फोटो नाही, वस्तू नाही. लग्न जमवताना आई तापाने गेली असं सांगितलं होतं. नवऱ्याला खरं कळलं ते पहिलं मूल झाल्यावर. त्यानंतर कितीतरी दिवस तो बाहेर जेवायचा. "माया हातचं खाल्लं नाई त्यानं. मंग खाल्लं. गरीब होता बिचारा." ती हे इतक्या साधेपणाने बोलली की मला खाली बघावं लागलं.

"मले जलमभर एकच वाटे," ती म्हणाली, "का तिनं मलेबी माराचं ठरवलं असन आन मी चुकून वाचलो. लोकं तसंच म्हनत. तुमी पयल्या, ज्यायनं सांगतलं का तिनं मले आंधी जेवू घातलं. दूध-भात. तोंड पुसलं." तिने सुई बाजूला ठेवली. "हे कोनी सांगतलं तुमाले? शेजारीन भेटली का एखादी? आन हिरवं लुगडं? ओवी कोनती म्हने ते नाई सांगतलं तुमी."

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. सून चहा घेऊन आली, मी कप घेतला आणि म्हणाले, "जुन्या कागदांत होतं थोडं."

"कागदात!" तिचा चेहरा उजळला. सुनेकडे वळून ती म्हणाली, "पाह्य, मी सांगत नव्हतो? कागदात हाय."

निघताना तिने मला शेवंतीचा मोठा गजरा दिला. बसमध्ये बसल्यावर मी तो पिशवीत घातला, कारण शेजारची बाई त्याच्याकडे कौतुकाने बघत होती आणि मला ते सहन होईना.

घरी आल्यावर मी त्या बातम्या पुन्हा वाचल्या. तिथे दूध नव्हतं, भात नव्हता, लुगडं नव्हतं. मूल दुसऱ्याच कोणी शेजारी नेलं असेल. ते झोपलं असेल. काहीही असेल. पुस्तकातल्या गुप्तहेराचा तर्क चुकत नाही, कारण खुनी आणि गुप्तहेर दोघांनाही एकाच माणसाने लिहिलेलं असतं. हे मला आधीच समजायला हवं होतं. मी जे क्रूरपणाचा पुरावा म्हणून रचलं, ते ती माया म्हणून उराशी धरून बसली होती. दोघींपैकी कोणालाच काही माहीत नव्हतं, पण खोटं एकटी मी बोलले होते, आणि आता दुसऱ्यांदा बोलले होते. माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "राहू दे ना. तिले बरं वाटते, तुयं काय जाते?" त्याचं म्हणणं मला पटलं असतं तर बरं झालं असतं. पण ती अधूनमधून फोन करू लागली, मला "पोरी" म्हणू लागली, आणि प्रत्येक फोननंतर मला माझाच आवाज नकोसा व्हायचा. नवीन गोष्ट सांगायला बसले की शब्द सुचत नसत.

नवरात्राच्या आधी मी परत गेले. बसले आणि न सांगताच उठून जाईन या भीतीने लगेच बोलले. "मावशी, दूध-भाताचं मी मनाने जोडलं. लुगडंही. ओवीही. कागदात तसलं काही नाही. एवढंच आहे की तुम्ही शेजारच्या घरी सुखरूप होता."

तिने विचारलं, "मंग मी वाचलो कशी?"

"माहीत नाही."

"कोनालेच?"

"आता कोणालाच नाही, मावशी."

तिने पुढ्यातला हार उचलला, गाठ मारली, टोपलीत टाकला. "आंधी आल्त्या तवा काहून नाई सांगतलं?" तिने दुसरा हार पुढ्यात ओढला. "मी माया नातीले सांगून बसलो," ती म्हणाली. "तिनं शाळेत नाई, पन मैत्रिनीले सांगतलं असन." मग ती उठून आत गेली आणि बाहेर आलीच नाही. सून दारापर्यंत आली. मी चपला घातल्यावर हळूच म्हणाली, "जा तुमी. मी पायतो त्यायले."

घरी येऊन मी ती गोष्ट काढून टाकली. नेटवरून आणि मोबाईलमधूनही. वाटलं, निदान एवढं तरी नीट करावं. त्या रात्री मला झोपही लागली.

आठवडाभराने सुनेचा फोन आला. ती रागावली होती, पण आवाज दाबून बोलत होती. "बाई, गोष्ट काहून काढली? आत्याबाई दुपारी लावतात, तर लागून नाई राह्यली. मलेच बोलून राह्यल्या, का तू मोबाईल बिघडवला."

"पण त्यांना मी सांगितलं ना, ते खोटं आहे म्हणून?"

"हाव. मालूम हाय त्यायले. तरी लावतात." मग ती म्हणाली, "तुमच्यापाशी असन ना ते? धाडून द्या ना."

माझ्याकडे नव्हतं. खूप शोधलं. ओळखीच्या मुलाला मोबाईल दाखवला, तो म्हणाला, गेलं ते गेलं. तिला न विचारता मी एकदा ते तिला दिलं होतं आणि न विचारताच काढून घेतलं होतं. दोन्ही वेळा मला वाटलं होतं की मी काहीतरी चांगलंच करते आहे.

मग एका रविवारी मी पुन्हा दार लावून, पंखा बंद करून बसले आणि तीच गोष्ट नव्याने सांगितली. न हसता. गुप्तहेर न होता. जे कागदात होतं तेवढंच, आणि जिथे माहीत नव्हतं तिथे "हे माहीत नाही" असं म्हणत. दूध-भाताच्या जागी आल्यावर परत तसंच म्हणावं का, असा मोह झाला. आवाज माझाच होता, शब्दही पाठ होते. कोणाचं काय बिघडलं असतं? मी म्हटलं, "पोरगी वाचली. कशी, ते कोनाले मालूम नाई." सगळी गोष्ट चहा निवायच्या आत संपेल एवढीच झाली. ती नेटवर न टाकता सुनेला पाठवली.

दोन दिवसांनी मीच फोन केला. सून म्हणाली, "आयकलं त्यायनं. एकडाव."

"काही म्हणाल्या?"

"नाई. ढिगातले फुलं निवडत होत्या, निवडतच राह्यल्या."

मी विचारलं, येऊन जाऊ का. तिने तिकडे विचारलं, ते मला ऐकू आलं. परत येऊन म्हणाली, "दसऱ्याची गर्दी हाय म्हनतात. मंग पाहू म्हनतात."

दसरा झाला, दिवाळी झाली. माझे ऐकणारे विचारतात, ताई, नवीन खुनी कधी आणता? कचेरीतून सुटल्यावर कधीकधी मी फोन हातात घेते, तिचा नंबर काढते, आणि परत पर्समध्ये टाकते.