रंगावर आवळलेला बोल्ट

वाहनांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. फक्त त्याची थोरली बहीण त्याला बारक्या म्हणे. तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला, डोक्यावरचे केस गेले, उठता-बसता गुडघे कुरकुरू लागले, तरी तिच्या लेखी तो बारक्याच राहिला. आईवडील लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. तिचे लग्न झाले तेव्हा तो तिच्यासोबतच तिच्या घरी आला आणि तिच्या नवऱ्याने, म्हणजे त्याच्या दाजींनी, एका शब्दानेही त्याबद्दल कुरकूर केली नाही. दाजी मालट्रक चालवत. त्यांनीच त्याला वायरिंगच्या कामाला लावले आणि पुढे स्वतःचे गॅरेज काढताना पाठीशी उभे राहिले.

मिस्त्री शाळेत गेला नव्हता. अक्षरे ओळखण्याच्या कितीतरी आधी तो तारांचे रंग ओळखू लागला होता. गाडी चालू होत नसेल तर तपासण्याची त्याची एक ठरलेली रीत होती: आधी डोळ्यांनी बघायचे, मग कानांनी ऐकायचे, मग हात लावायचा आणि मीटर सगळ्यात शेवटी. चावी फिरवल्यावर नुसता टक असा आवाज आला की त्याचा अर्थ वेगळा, स्टार्टर कण्हत कण्हत फिरला की वेगळा, आणि काहीच आवाज आला नाही तर आणखी वेगळा. लांबलांबचे ड्रायव्हर त्याच्याकडे येत. आपल्या हातून बिघाड सुटत नाही, अशी त्याची खात्री होती, आणि ती खात्री खोटी म्हणावी असे बरीच वर्षे काही घडलेही नाही.

दाजींचा ट्रक जुना होता. पाच वर्षांपूर्वी दाजी तीन आठवडे तापाने अंथरुणावर होते आणि ट्रक मिस्त्रीच्या गॅरेजात उभा होता. क्लचच्या कामासाठी इंजिन खाली उतरवले होते. मिस्त्रीच्या मनात आले की ज्या माणसाने आपल्याला पोटच्या पोरासारखे सांभाळले, त्याची गाडी आपण नवीन करून द्यावी. त्याने आठ दिवस खपून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, खरवडली, तांबडा अस्तराचा रंग दिला आणि वर गर्द हिरव्या रंगाचे दोन हात मारले. दाजी काठी टेकत गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या घातल्या.

"अहो मेव्हणे," ते म्हणाले, "लग्नात तुमच्या बहिणीलासुद्धा एवढं नटवलं नव्हतं तुम्ही!"

"तेव्हा मी दहा वर्षांचा होतो दाजी. रंगाचा डबा उचलत नव्हता मला."

दोघे पोट धरधरून हसले. मिस्त्रीच्या आयुष्यातील सर्वांत समाधानाचा दिवस कोणता, असे कोणी विचारले असते तर त्याने तोच सांगितला असता.

त्यानंतर काही महिन्यांत गाडीने रडगाणे सुरू केले. सकाळी चावी फिरवली की स्टार्टर अर्धा वळसा घेई आणि बसे. दाजी कसेबसे गाडी चालू करून गॅरेजात आणत. मिस्त्रीने बॅटऱ्या बदलल्या. स्टार्टर उतरवून टेबलावर फिरवून पाहिला, तो भिंगरीसारखा फिरला. तरी त्याने त्याच्या आतले झिजणारे कार्बनचे तुकडे बदलले. चावीचे कुलूप बदलले. प्रत्येक वेळी गॅरेजात गाडी पहिल्या झटक्यात चालू होई आणि घरी गेली की चार दिवसांत पुन्हा रुसे.

"माहेरी आली की बरी होते ही," दाजी म्हणत. "सासरीच हिच्या कपाळाला आठ्या!"

एकदा ते सहज म्हणाले होते, "चालू करताना ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते हो पायाला."

"केबल नाही दाजी, तुमचा पाय गरम आहे. तुम्ही डोकं थंड ठेवा म्हणजे झालं," असे म्हणून मिस्त्रीने ते हसण्यावारी नेले होते.

सात वेळा गाडी अशी आली. सातव्या खेपेनंतर दाजींनी कळवले की आता झाली बरी, काही त्रास नाही. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

मात्र दाजींना एक नवी सवय लागली होती. घराजवळ गाडी लावायला सपाट जागा असताना ते ती समोरच्या उतारावर, तोंड खाली करून लावत आणि मागच्या चाकापुढे लाकडी ठोकळा ठेवत. सकाळी ते आत बसून ब्रेकवर पाय दाबून धरत, ताई ठोकळा ओढून काढी, मग गाडी उतारावर सोडून गिअरमध्ये टाकली की इंजिन चालू होई. मिस्त्रीने एकदोनदा त्यांना हटकले. "आता गाडी बरी आहे ना? मग उतार कशाला?" दाजी म्हणाले, "म्हातारपणाची खोड. जाईल हळूहळू." मिस्त्रीने विश्वास ठेवला.

अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी ताई घरात होती आणि दाजींनी ठोकळा स्वतःच ओढला. हँडब्रेक जुना होता, त्याने गाडी धरली नाही. दाजींना बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही.

लोक भेटायला आले तेव्हा ताईने प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली. डोळ्यांत पाणी न आणता, दात आवळून ती म्हणे, "हट्टी माणूस! सपाट जागा सोडून उतारावर गाडी लावायची खोड. कितीदा सांगितलं. ऐकलं नाही. स्वतःच्या हाताने गेले आणि मला मागे ठेवलं." सांत्वन करायला आलेले लोक ओशाळून खाली बघत. मिस्त्री शेजारी बसलेला असे आणि मान हलवी. मेलेल्या माणसाला इतके बोलू नये असे त्याला वाटे. पण ती म्हणते ते खरे आहे, असेही त्याला वाटे.

दाजींचा एक जुना जोडीदार ड्रायव्हर होता. ट्रक त्याला द्यायचा, असे ताईने ठरवले. गाडी इतके दिवस घरामागच्या मोकळ्या जागेत उभी होती. ज्या दिवशी जोडीदार तिसऱ्या प्रहरी ती न्यायला येणार होता, त्याच दिवशी सकाळी मिस्त्री हत्यारांची पेटी आणि चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या घेऊन आला. अकरा महिने त्याला त्या गाडीला हात लावण्याचे धैर्य झाले नव्हते.

बॅटऱ्या जोडून त्याने चावी फिरवली. स्टार्टर अर्धा वळसा कण्हला आणि बसला. बॅटऱ्या भरलेल्या होत्या, त्या त्याने स्वतः भरल्या होत्या. टोके चकचकीत होती. त्याने पुन्हा चावी फिरवली. तोच आवाज. सातव्या खेपेनंतर जी गाडी बरी झाली असे त्याने मानले होते, तिचे दुखणे जसेच्या तसे होते.

गॅरेजात असता तर त्याने नेहमीप्रमाणे आपल्या मोठ्या चार्जरच्या दोन तारा लावल्या असत्या. एक तार बॅटरीला, दुसरी थेट इंजिनच्या अंगाला. तीस वर्षांची ती सवय होती. आज चार्जर नव्हता. म्हणून त्याने मीटर काढला, एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला आणि दुसरे स्टार्टरच्या अंगावर टेकवले आणि ताईला हाक मारली.

"ताई, जरा वर चढून चावी फिरव."

"मला नाही बसायचं त्यात."

"खालूनच हात घाल. एकदाच."

तिने दारातून हात घालून चावी फिरवली. मीटरवर चार व्होल्टचा आकडा आला. तिथे अर्धासुद्धा येता कामा नये. याचा अर्थ बॅटरीतून निघालेली वीज स्टार्टरपर्यंत नीट पोहोचत होती, पण परत यायला तिला वाट मिळत नव्हती. ती मिळेल तिथून, अगदी पायाखालच्या केबलमधूनसुद्धा, वाट काढत होती. दाजींचा पाय गरम नव्हता. केबलच गरम होती.

परतीची वाट म्हणजे इंजिनापासून चासीपर्यंत जाणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी, अर्थिंगची पट्टी. मिस्त्री गाडीखाली सरकला. त्याने चासीवरचा बोल्ट सोडवला आणि पट्टीचे टोक बाजूला केले. खाली उघडे लोखंड दिसायला हवे होते. तिथे गर्द हिरवा रंग होता, आणि रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या भोकाच्या कडेला एक नखाएवढा ठिपका जळून काळा पडला होता. बाकी रंग शाबूत होता, गुळगुळीत, दोन हातांचा.

रंग देऊन झाल्यावर इंजिन परत चढवताना हा बोल्ट त्यानेच आवळला होता. आठ दिवस खपून आणलेली चकाकी खरवडायला त्याचा हात धजला नव्हता. आणि गॅरेजात गाडी कधीच का रुसली नाही, तेही त्याला आता उमगले. इंजिनाच्या अंगाला लावलेली त्याची तारच प्रत्येक वेळी बिघाडाला वळसा घालत होती. कोणत्याही ड्रायव्हरला त्याने दोन मिनिटांत समजावून सांगितली असती अशी ही गोष्ट होती.

तो बराच वेळ गाडीखाली पडून राहिला. रंग खरवडायला पाच मिनिटे लागली असती आणि स्टार्टर अडकला होता असे सांगून मोकळे होता आले असते. कोणीही वाकून पाहणार नव्हते. हा विचार त्याच्या मनात आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. त्याने कानस घेतली, रंग काढून लोखंड उघडे केले आणि बोल्ट आवळला. मग त्याने चावी फिरवली. इंजिन पापणी लवायच्या आत चालू झाले.

ताई दारात आली. "झाली? काय झालं होतं रे तिला?"

मिस्त्रीने इंजिन बंद केले आणि तो खाली उतरला.

"ताई, दाजींना उतारावर गाडी लावायची खोड नव्हती. गाडी चालूच होत नव्हती म्हणून ते लावत होते. आणि ती माझ्यामुळे चालू होत नव्हती."

त्याने तिला सगळे सांगितले. रंग, बोल्ट, वीज, सात खेपा. तिला वीज कळत नव्हती, पण तिने मधे एकदाही विचारले नाही. तो थांबला तेव्हा ती पायरीवर बसली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"रंगाचं नाही. गाडी बरी झाली नव्हती ते. ते म्हणायचे, बारक्याला कळू देऊ नकोस. सात वेळा बिचारा राबला, फुकटात राबला, आता आठव्यांदा सांगितलं तर त्याचं तोंड एवढंसं होईल. कारागिराचा मान मोडतो म्हणायचे. उतार आहे ना दारात, तेवढ्यावर भागतं."

मिस्त्रीने कानस पेटीत ठेवली.

"त्या दिवशी सकाळी त्यावरूनच वाजलं आमचं," ताई जमिनीकडे बघत म्हणाली. "मी म्हटलं, आज त्याच्याकडे जा आणि सांगा. नाही सांगणार म्हणाले. मग मी म्हटलं, मीही ठोकळा काढायला येणार नाही. मी आतच बसले. त्यांनी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा ऐकली मी."

"ताई..."

"मग लोक यायला लागले. उतारावर का लावत होते असं विचारायला लागले. काय सांगू? तुझं नाव घेऊ की माझं? जो गेला त्याला बोललं तर कुणाचं काय जाणार होतं? म्हणून त्यांनाच बोलत राहिले. अकरा महिने."

तिसऱ्या प्रहरी जोडीदार आला. त्याने चावी फिरवली आणि इंजिनाचा आवाज ऐकून तो खूश झाला.

"वा मिस्त्री! शेवटी पकडलंत की दुखणं. होतं काय?"

ताईने मान वर केली. ती नेहमीचे वाक्य सुरू करणार हे मिस्त्रीने ओळखले आणि तिच्या आधी तो बोलला.

"माझी चूक होती. अर्थिंगचा बोल्ट मी रंगावर आवळला होता. दाजींनी ते निभावून नेलं. त्यांची काही खोड नव्हती. चार ड्रायव्हर भेटतील तेव्हा त्यांनाही सांगा."

जोडीदार कधी त्याच्याकडे तर कधी ताईकडे बघत राहिला. त्याने दोघांना हात जोडले आणि गाडी हळूहळू रस्त्यावर काढली. तिचा आवाज वळणापलीकडे गेला.

"कशाला सांगितलंस?" ताई म्हणाली. "आता येतील तुझ्याकडे गाड्या?"

"येतील त्या येतील."

"फार चांगला माणूस होता रे," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. गेलेल्या माणसासाठी ती प्रथमच रडत होती. मिस्त्री तेलकट हात पुसत तिच्यापासून चार पावलांवर उभा राहिला. तिच्याजवळ जाऊन बसण्याचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही, हे त्याला ठरवता येईना, आणि तिनेही त्याला जवळ बोलावले नाही.