डाव्या टाचेतला बास

बेंगळुरूत शांतता नावाची वस्तू अजून शिल्लक आहे, फक्त ती नेटाने शोधली पाहिजे, असं मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि नेमक्या त्याच्याच घरात मी सहा वर्षं भाड्याने राहिलो. राजाजीनगरातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी पुस्तकं, खाली आमचे घरमालक आणि त्यांची पत्नी. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. घराणं मूळचं मराठी, पण इथे येऊन इतक्या पिढ्या झालेल्या की कुठल्या पूर्वजाने आपला घोडा इथेच का बांधला हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. मराठी मात्र उरली होती, घरातल्या पितळी भांड्यांसारखी, जुनी, जड आणि आतून कन्नडची कल्हई केलेली.

घरमालक नव्या भाडेकरूला काय विचारतात हे मला पाठ होतं. लग्न झालंय का, मांस-मच्छी खाता का, पाहुणे किती येतात. अण्णांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "चालताना आधी टाच टेकता की चवडा?" मला वाटलं, गृहस्थ योगासनांतले असावेत. मी म्हटलं, कधी लक्ष दिलं नाही. ते म्हणाले, "मग टाचच असणार. स्वल्प चालून दाखवा." मी दाखवलं. आठ दिवसांनी जिन्यात गाठून त्यांनी निकाल सांगितला, "उजवा पाय ठीक आहे हो. तुमच्या डाव्या टाचेत बास फार आहे."

बास म्हणजे खालच्या सुरांचा घुमारा, आणि माझ्या खोलीच्या बरोबर खाली त्यांची रेकॉर्डिंगची खोली होती, हे मला त्यानंतर कळलं. अण्णांचा सगळा जन्म यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, तपासणी विभागात गेला होता. इतरांनी घडवलेल्या वस्तू त्यांनी तिथे वर्षानुवर्षं नापास केल्या. निवृत्तीनंतर नापास करायला काही उरेना, तेव्हा ते स्वतःची गिटार रेकॉर्ड करू लागले. गिटार ते कँटीनमध्ये एका सहकाऱ्याकडून शिकले होते. तो रविवारी चर्चमध्ये वाजवायचा आणि इतर दिवशी जेवणाच्या सुट्टीत अण्णांना शिकवायचा. त्यामुळे अण्णांची बोटं चांगली होती, पण अर्ध्या तासाच्या पुढे ती आपोआप थांबायची.

खोलीत शिरलं की आधी माइक दिसायचा, कारण त्याच्याभोवती जमिनीवर खडूच्या खुणा होत्या, एखाद्या अपघाताच्या जागेवर असाव्यात तशा. गिटारच्या बाराव्या पडद्यासमोर, एक वीत अंतरावर, तोंड किंचित मानेकडे. ही वीत अण्णा व्हर्नियरने, म्हणजे कारखान्यातल्या केसभर फरक दाखवणाऱ्या मोजपट्टीने मोजत. बहुतेक लोक गिटारच्या भोकासमोर माइक धरतात याचं त्यांना मनापासून दुःख होतं. "भोकासमोर धरलं की गिटार ढेकर देते. माणसाचं बोलणं ऐकायचं तर त्याच्या पोटाला कान लावता काय?" एकदा ते मला वाद्यांच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या टाय लावलेल्या विक्रेत्याने एक महागडा माइक मखमलीतून काढला आणि डोळे अर्धे मिटून सांगितलं की या माइकच्या आवाजात ऊब आहे, आणि वरच्या सुरांत हवा आहे. अण्णांनी शांतपणे विचारलं, "सरी, ठीक आहे. ही हवा कशाने मोजता?" विक्रेत्याने डोळे पूर्ण उघडले. आम्ही तारांचा एक जुडगा घेऊन परत आलो, आणि वाटेत अण्णा म्हणाले, "आधी खोली सुधारायची. बाथरूममध्ये बसून सोन्याचा माइक लावला तरी आवाज बाथरूमचाच येतो."

खोली सुधारण्याच्या नादात घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींवर गेल्या होत्या, आणि पाहुणे आले की भिंती उतरवून त्यांवर झोपवावं लागे. अण्णा मधोमध उभे राहून टाळी वाजवत आणि ती कुठून परत येते ते ऐकत. एका कोपऱ्यातून ती फार दिवस परत येत राहिली. शेवटी त्यांनी अक्काचं कपाट त्या कोपऱ्यात सरकवलं आणि त्याची दारं सताड उघडी ठेवली. आत अक्काच्या सगळ्या रेशमी साड्या होत्या. टाळी गेली ती गेलीच. "कांजीवरमसारखं आवाज पिणारं दुसरं काही नाही," असं ते सांगत. पण त्यामुळे अक्काला लग्नकार्याला जाणं अवघड झालं. ती साडी काढायला आली की खुर्चीतून आवाज यायचा, "ती हिरवी नको काढू गं, वरचे सूर टोचायला लागतात."

"मग काय नेसून जाऊ? गादी?" अक्का विचारायची.

फ्रिज गुणगुणतो म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी बंद व्हायचा. तो परत चालू करायची आठवण राहावी म्हणून अण्णा स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवत. युक्ती नामी होती, फक्त अण्णा घराबाहेर फारसे पडत नसत, त्यामुळे दूध नासायचं आणि किल्ली ताजी राहायची. शर्टाचं बटण गिटारला लागतं म्हणून ते बनियनवर वाजवत. घड्याळ काढत. श्वास रोखत, आणि तो कडव्याच्या शेवटी सोडत. सगळी तयारी दुपारी अडीचची असे, कारण तेव्हा गल्ली जेवून आडवी झालेली असते. मला हुकूम होता की अडीच ते तीन पलंगावर बसायचं आणि पाय वर घ्यायचे. मी तसा बसून वाचत असे. माझी बरीचशी जाडजूड पुस्तकं अण्णांच्या गिटारमुळे वाचून झाली.

आणि तरीही एक टेक पास होईल तर शपथ. अण्णांकडे कारखान्यातल्यासारखी लांबलचक वही होती. तारीख, नग क्रमांक, माइकचं अंतर, निकाल, कारण. निकालाच्या रकान्यात खालपर्यंत 'नापास' आणि कारणाच्या रकान्यात आमच्या गल्लीचं सगळं जीवन: शहाळीवाला. कुकर, समोरचा. कुकर, आपला. कबूतर. भाजीवाल्याचा भोंगा. वरचे सर, शिंक. स्वतःचा श्वास. एके ठिकाणी नुसतंच 'पोट' लिहिलं होतं.

हे सगळं मजेमजेत चाललं असतं, पण शेवटच्या वर्षी त्यात एक तारीख शिरली. यशवंतपूरला राहणारी त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी. या घरात बारशाला एक पाळणा म्हणतात, तो अक्काच्या आईकडून आलेला. तो कुठे छापलेला नाही, आणि अक्काशिवाय कोणाला धड येत नाही. चौथ्या कडव्याला तो मराठीतून कन्नडमध्ये शिरतो आणि सहाव्याला परत येतो, का ते विचारायचं नाही. गल्लीतल्या निम्म्या पोरांची नावं अक्काच्या पाळण्यावर ठेवली गेली होती. पण आदल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. बोलणं परत आलं, जरा जाड होऊन. गाणं तिने सोडून दिलं. "माझा गळा म्हणजे आता रिकामी कळशी," असं हसून म्हणायची आणि विषय बदलायची. स्वतःच्या नातीला मात्र पाळण्याशिवाय नाव ठेवलं जाणार, हे तिला लागलं होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही. अण्णांनी मला जिन्यात सांगितलं, "बाराव्या दिवशी पाळणा होणार. गिटारवर. एकसुद्धा खोट नसलेला."

म्हणजे बारा दिवसांत एक टेक पास करायचा, आणि घरात आता तान्हं मूल. ज्या बाळासाठी पाळणा रेकॉर्ड करायचा तेच बाळ तो होऊ देईना. वहीत ओळीने कारण पडू लागलं: बाळ. बाळ. बाळ, उचकी. बाळ झोपलं, बाळाची आई घोरली. अण्णांनी मुलीला अतिशय आदबीने विचारलं की बाळाला अडीचच्या सुमारास दूध पाजता येईल का. मुलगी म्हणाली, "अप्पा, तिला तुमचं टाइमटेबल मी देऊ, की तुम्ही सांगता?" तोवर रोज गिटारच्या मानेवर कॅपो चढत होता. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी वर नेणारा चिमटा. तो कायम चौथ्या पडद्यावर, कारण अक्काची पट्टी तीच. लग्न झालं त्या वर्षी अण्णांनी ती शोधली होती, आणि ही वही केल्यावर तिच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली होती.

अकराव्या दिवशी देवाने नाही तरी वीज खात्याने ऐकलं. दुरुस्तीसाठी दुपारभर वीज बंद राहील असं त्यांनी आधीच कळवलं होतं, आणि लोक ग्रहणाची वाट पाहतात तशी अण्णांनी त्या दुपारची वाट पाहिली होती. बरोबर अडीचला सगळ्या गल्लीचे पंप, मिक्सर, फ्रिज गप्प होते. लॅपटॉप बॅटरीवर. बाळ झोपलेलं. मी पलंगावर, पाय वर. खालून पाळणा सुरू झाला, सगळी कडवी झाली, शेवटची तार विरून गेली, आणि काहीही घडलं नाही. पाच मिनिटांनी अण्णा बनियनवरच वर आले आणि त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवले. मी अशा गोष्टींनी सहसा हलत नाही. पण पहिल्या सुराच्या आधी जी शांतता होती, तशी मी त्या शहरात पुन्हा ऐकली नाही. वहीत पहिल्यांदा 'पास' लिहिलं गेलं. त्या आनंदात अण्णांनी फ्रिजमधली किल्ली काढली आणि स्कूटरवरून जाऊन म्हैसूरपाक आणला.

दुसऱ्या दिवशी बारसं. अक्काने कपाटातली हिरवी साडी बिनदिक्कत काढली. पाळण्याभोवती बायकांची दाटी, मागे आम्ही पुरुष, स्वयंपाकघरात कुकर. जावयाने स्पीकर लावला. गिटार सुरू झाली, स्वच्छ, एकेक तार मोजून घ्यावी अशी, आणि सगळ्या बायका कार्यालयातलं भाषण ऐकावं तशा उभ्या राहिल्या. मग अक्काचे ओठ हलले. सवयच ती. तिने पहिली ओळ धरली, जाड आवाजात पण सुरात. दुसऱ्या ओळीला पाळणा वर चढतो. तिथवर आवाज गेला, फाटला आणि थांबला. अक्का खोकली. "सरी, सरी, चालू दे की ते," असं म्हणून ती बाळाची दुपटी सारखी करू लागली, जी मुळात सारखीच होती. गिटार आपली बिनचूक पुढे चालली होती, जुन्या अक्काच्या पट्टीत. ज्या माणसाने खोलीतली प्रत्येक वस्तू दहादा मोजली, त्याने हे एकच माप ऑपरेशननंतर तपासलं नव्हतं.

हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं, कारण मी वळून पाहिलं तेव्हा ते उठले होते. त्यांनी स्पीकर बंद केला. आत जाऊन गिटार आणली आणि पाळण्याशेजारी पाटावर बसले, अंगात कडक इस्त्रीचा, मोठाल्या बटणांचा शर्ट.

"कुठं पाहिजे सांग," ते म्हणाले.

"असू दे हो, लोक खोळंबलेत."

"लोक जेवायला आलेत, थांबतात. कुठं?"

अक्का इकडेतिकडे बघत म्हणाली, "स्वल्प खाली."

चिमटा दुसऱ्या पडद्यावर आला. तिने गुणगुणून पाहिलं, मान हलवली. "अजून." अण्णांनी चिमटा काढला आणि खिशात टाकला. मोकळ्या तारांवर पाळणा सुरू झाला, पूर्वीपेक्षा पुष्कळच खाली, आणि अक्का गायली. सबंध गायली. बायकांनी धरायच्या ओळी धरल्या, बाळ रडलं, शर्टाचं बटण गिटारला लागत राहिलं, पाचव्या कडव्यात कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. मी अण्णांकडे बघत होतो. त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली नाही.

आठवड्याने ते वर आले. म्हणाले, "तुम्ही फोन धरला होता नं त्या वेळी?" मी बाळाचा व्हिडिओ घेतला होता. आवाज म्हणजे निव्वळ गोंधळ. तो त्यांनी माझ्याच खुर्चीवर बसून हेडफोन लावून ऐकला, पहिल्यापासून, दोनदा, आणि माझ्याकडून मागून घेतला. पुढे कधीतरी खाली चहाला गेलो असताना वही उघडी होती. शेवटच्या नोंदीत माइकचं अंतर लिहिलं नव्हतं. निकाल, पास. पास झालेल्या नगाला कारण लिहायची त्यांची पद्धत नव्हती. तरी तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'शेवटपर्यंत गायली.' पुठ्ठ्यावरचा जुना आकडा खोडलेला होता.

आता मी के. आर. पुरमला राहतो. इथे रेल्वे आहे, पूल आहे, आणि शांतता कोणी शोधत नाही. माझ्या खाली कोणाची खोलीही नाही, फक्त गाड्या लावायची जागा आहे, तिथे डावी टाच कितीही आपटली तरी चालते. पण दुपारचे अडीच वाजले की मी पुस्तक घेऊन पलंगावर बसतो, आणि पाय वर घेतो.