बांगड्याच्या साराची केस

दि. १२ मार्च २०२५ रोजी बोरिवलीच्या धोंडू घाडीच्या खात्यातून ४९९ रुपये वजा झाले. त्या पैशांत एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला गेला. बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्यांची सोबत कशी करावी, हे त्यात थेरपिस्ट लोकांना शिकवत. धोंडू स्वतःच बरा न होणारा आजारी होता. म्हणजे गिऱ्हाइकानंच दुकानदाराच्या ट्रेनिंगचे पैसे भरावेत, तसा हा व्यवहार झाला.

धोंडू मूळचा मालवणकडचा. मुंबईतली गिरणी बंद पडल्यावर त्यानं वर्सोव्याहून फेरीबोटीनं पलीकडे जाऊन मढच्या एका बंगल्यावर वॉचमनची नोकरी धरली. बंगला शूटिंगला भाड्यानं जाई. प्रेताचं काम करणारा नट आला नाही की धोंडूला झोपवत. असा तो चार वेळा मेला आणि चारही वेळा नंतर उठून ताटभर जेवला. "मराक काय नाय, जेवान चुकता नये," असं तो म्हणे.

आता नेमकं जेवणच चुकलं होतं. घशाच्या कर्करोगावरचे उपचार थांबले होते. पातळ काही नीट गिळता येईना, म्हणून पाण्यात, चहात पावडर घालून ते घट्ट करायचं आणि चमच्यानं भरवायचं. धोंडूला हवं होतं एकच, बायकोच्या हातचं बांगड्याचं सार. बायको रत्नप्रभानं तर घरात मासळी आणणंच बंद केलं होतं. वासानं त्याचा जीव तळमळायला नको, म्हणून ती स्वतःही खात नव्हती.

घरी येऊन गिळण्याचे व्यायाम घेणारी थेरपिस्ट तेजल मुलुंडची. सार अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत उतरेल, या भीतीनं ती ठाम नाही म्हणे. तिच्या संस्थेनं मार्चअखेरपर्यंत हा अभ्यासक्रम पुरा करायला सांगितलं होतं. सवलतीच्या शेवटच्या दिवशी तिचं पेमेंट ॲप अडकलं.

"काका, तुमच्या फोनवरून भरू? उद्या देते."

"भर की गं," रत्नप्रभा मधेच म्हणाली. "आणि नाव ह्यांचंच टाक. आमच्याकडे मीटर, गॅस, केबल, सगळं ह्यांच्याच नावावर असतं."

घाईत तेजलनं तसंच केलं आणि विसरली.

घाड्यांकडे वायफाय चांगलं होतं, म्हणून व्यायाम संपले की ती तिथेच धडे बघे. पडद्यावर एक कार्टूनचा म्हातारा खाटेवर पडलेला असे. योग्य प्रश्न विचारला तरच तो बोले. एकदा तेजलनं त्याला विचारलं, "तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?" म्हातारा म्हणाला, त्याला बागेत बसायचंय. तेजलला दहापैकी दहा मिळाले.

धोंडू उखडला. "त्या चित्रातल्या म्हाताऱ्याक इचारतंस. माका कोण इचारतलो?"

"काका, हा नुसता सराव आहे. खऱ्या पेशंटचा धडा पुढचा आहे."

"तोपर्यंत मी ऱ्हवलंय तर बरा."

शेवटचा टप्पा होता गुरुवारच्या व्हिडिओ-चर्चेत आपल्या एका पेशंटची केस मांडायचा. आमंत्रण आलं, "आदरणीय धोंडू सर." तेजलनं कपाळाला हात लावला. मदत केंद्राला फोन केला, तर उत्तर मिळालं, "मॅडम, केस खातेदारालाच मांडावी लागेल. नाव नंतर बदलता येईल."

"वाट लागली, काका. माझं कॉन्ट्रॅक्ट जाईल. तुम्ही फक्त नमस्कार करा आणि मी लिहून देते ते वाचा."

गुरुवारी धोंडू इस्त्रीचा शर्ट घालून तेजलच्या टॅबपुढे बसला. तेजल कॅमेऱ्याबाहेर, कपाटाला चिकटून उभी. चर्चा चालवत होत्या घाटकोपरच्या आहारतज्ज्ञ राधा मॅडम. धोंडूनं कागद बाजूला ठेवला आणि घोगऱ्या आवाजात सुरुवात केली.

"पेशंट पुरुष, वय सत्तर. बरो होवचो नाय. त्याका बांगड्याचा सार व्हया."

"सर, पेशंटशी तुमचं बोलणं झालंय?"

"रोज बोलतंय."

"धोका माहीत असून मागतोय?"

"सगळा म्हायत आसा. जरा हट्टी आसा."

"आणि थेरपिस्टचं काय म्हणणं?"

धोंडूनं कपाटाकडे पाहिलं. "पोरगी बरी आसा. पण भियाता."

तेजलला राहवलं नाही. ती कॅमेऱ्यासमोर आली. "मॅडम, थेरपिस्ट मी आहे. आणि हे सर म्हणजेच पेशंट."

पडद्यावरच्या चौकोनांतले सगळे चेहरे कॅमेऱ्याजवळ सरकले. मग राधा मॅडम म्हणाल्या, "मग इतके दिवस थांबलात कशाला? धोका राहणारच, पण तो त्यांनी पत्करलाय. ताठ बसवा, सार गाळून त्यांच्या पाण्या-चहाइतकंच घट्ट करा, अर्धा चमचा, सावकाश. ठसका लागला तर थांबा. तुम्ही जवळ राहा."

शुक्रवारी घरात बांगडा आला. रत्नप्रभानं सार फडक्यातून दोनदा गाळलं. तेजलनं पावडर घातली, धोंडूची हनुवटी खाली धरली आणि अर्धा चमचा दिला. त्यानं डोळे मिटले. गिळलं. दोघी ठसक्याची वाट बघत राहिल्या. ठसका आला नाही, तक्रार आली.

"मीठ कमी पडला."

"जन्मात एकदा तरी बरोबर म्हणा, अहो!" म्हणत रत्नप्रभा हसली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. त्या दिवशी तीही बांगड्याशी जेवली.

पुढे रोज अर्धा चमचा चालू राहिला. एप्रिलच्या अखेरीस धोंडू पाचव्यांदा मेला, तो उठला नाही. नाव बदलून तेजलचं प्रमाणपत्र आलं, कॉन्ट्रॅक्टही टिकलं. दर गुरुवारी धोंडू सरांना चर्चेचं आमंत्रण अजून येतं.

तेजलकडून ४९९ रुपये येणे आहेत.