चौथ्या घाताचा ताळा

मी शिकवते त्या शाळेत डिजिटल फळा आला आणि जुना लाकडी फळा व्हरांड्यात भिंतीला टेकला. काल मुलींनी तो काळा करायला हौसेने त्याला कोळसा आणि वालाचा पाला चोळला. त्या ओल्या, तुरट वासाने लोकांना बालपण आठवतं, डोळे पाणावतात. माझं डोकं फिरतं.

गोरेगावला, आमच्याकडच्या लहानशा गावात, मी दहावीत होते. आमच्या तांड्याकडची जीप गच्च भरल्याशिवाय हलत नसे, आणि ती भरेपर्यंत गणिताचे सर मला रिकाम्या वर्गात पुस्तकाबाहेरचं शिकवत. असंच तुकड्यातुकड्याने त्यांनी मला चौथ्या घाताचं समीकरण शिकवलं. क्षचा चौथा घात बरोबर बारा क्ष अधिक पाच. दोन्ही बाजूंना सारखंच काहीतरी असं मिळवायचं, की दोन्हीकडे पूर्ण वर्ग व्हावा. ते काहीतरी हुडकण्यातच खरी मेहनत. कधी त्यासाठी आधी एक घनसमीकरण सोडवावं लागे. इथे चार क्ष वर्ग अधिक चार मिळवले की एवढं आडदांड समीकरण दोन साध्या वर्गसमीकरणांवर येतं. मग उत्तर परत मूळ समीकरणात घालून पाहायचं. "ताळा केल्याबिगर फळा पुसायचा न्हाई," सर म्हणत. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून जीव खात असे.

सराव परीक्षेच्या पेपरात छपाईची चूक झाली. क्ष वर्गाच्या जागी क्षचा चौथा घात छापला गेला. सगळ्यांनी प्रश्न सोडून दिला. मी तो तासभर झगडून सोडवला, ताळ्यासकट.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. दहावीच्या पोरीला, त्यातही तांड्यावरच्या, हे येईलच कसं, चिठ्ठी कोणी पुरवली, एवढंच ते विचारत राहिले. मी सरांचं नाव घेतलं. सर शेजारीच उभे होते. त्यांची नोकरी कच्ची होती, शाळा सुटल्यावर वर्ग उघडायला मनाई होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"मी न्हाई शिकवलं, साहेब," ते म्हणाले.

हिच्या हातात खडू द्या, दुसरं एक समीकरण घाला, एवढंही कोणाला सुचलं नाही. फळा तिथेच होता, घटकाभरात खरंखोटं झालं असतं. कॉपीचा ठपका ठेवून माझं हॉलतिकीट अडवलं. बापाने शाळा सोडवली आणि पुढच्या हंगामात मी ऊसतोडीला गेले. उसाच्या पाचटाने हात कापत होते आणि मी मनातल्या मनात सरांना शिव्या देत होते. दहावीला पुन्हा बसायला मला दोन वर्षं लागली.

मागच्या महिन्यात नव्या फळ्याच्या उद्घाटनाला तेच सर पाहुणे म्हणून आले. पार थकलेत. चहा घेताना सगळ्या शिक्षकांसमोर, कोणी न विचारता म्हणाले, "हिला चौथा घात मीच शिकवला, बरं का." सगळ्यांना कौतुक वाटलं. मी जिन्यापाशी त्यांना गाठलं. हे तेव्हा काहून न्हाई बोलले, म्हणून विचारलं. साहेबांपुढं जीभ उचलली न्हाई, म्हणाले. मी त्यांना माफ केलं नाही. म्हातारपण आलं म्हणून जुनी गोष्ट लहान होत नाही.

काल जुन्या फळ्यावर मी तेच बारा क्ष अधिक पाचचं समीकरण मांडलं. ताळा जुळला. एका मुलीने विचारलं, "बाई, हे तुमाला कोणी शिकवलं?"

दातओठ खात का होईना, मी सरांचं नाव सांगितलं. मगच तिच्या हातात डस्टर दिलं.