साच्याचं तेल

अनंतकाका कुणाकडे जेवायला गेले, की पानावर बसण्याआधी थेट स्वयंपाकघरात शिरायचे आणि तेलाची बाटली मागायचे. तवा तापवायचा, मधोमध एक थेंब सोडायचा आणि मान तिरकी करून बघत राहायचं. थेंब जागेवर बसतो की पळतो, धूर कधी धरतो, मागे चिकट डाग ठेवतो का. अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात नव्यानं आलेल्या बायकांना वाटे, म्हातारबुवांना कोलेस्टेरॉल असावं. काका बाटलीला झाकण लावून म्हणत, "भज्यांना उत्तम. माझ्या कामाचं नाही."

त्यांचं काम म्हणजे बंदुकीच्या गोळ्या ओतणं. हे कळलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो होतो. विमानांच्या सुट्या भागांचे साचे करण्यात नोकरी घालवलेला, अंडंसुद्धा न खाणारा हा माणूस निवृत्त झाल्यावर गॅरेजमध्ये शिसं वितळवत होता आणि शनिवारी दुपारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर जाऊन कागदी चकत्यांना भोकं पाडत होता.

"काका, एवढा खटाटोप कागदासाठी?" मी विचारलं.

"तू दिवसभर काय करतोस रे, सॉफ्टवेअर? तुझ्या कामानं तर कागदालाही भोक पडत नाही."

तेव्हापासून मी त्यांच्या लेखी 'सॉफ्टवेअर' झालो आणि शनिवारी सकाळी त्यांचा हरकाम्या. गॅरेजचं दार सताड उघडं, पंखा चालू, तोंडावर मास्क, हातात मोजे. आत चहा आणायला बंदी. शैलाकाकू दारातूनच ओरडायच्या, "हात धुतल्याशिवाय माझ्या डब्यांना हात लावलात तर बघा!"

गोळ्यांचा साचा लोखंडी, दोन फाकांचा, वर बिजागरीवर फिरणारी पट्टी. सगळं तापलं की लोखंड लोखंडाला धरतं, म्हणून बिजागरीला वंगण हवं. पण तेच वंगण ओघळून आतल्या खळग्यात गेलं, की गोळी सुरकुतलेली निघते. तेव्हा उष्णतेत टिकेल आणि जागचं हलणार नाही असं वंगण शोधणं, हा काकांचा ध्यास. फळीवर बाटल्यांची रांग होती. स्कूटरच्या इंजिनाचं तेल, एरंडेल, मधमाशांचं मेण, कसलंसं काळं ग्रीस. प्रत्येकाविषयी त्यांचं मत होतं, आणि ते एखाद्या जावयाविषयी असावं तसं होतं. "हा दिसायला चांगला, पण तापला की पळतो."

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "साच्याला तेल लाव, मी भट्टी बघतो." मी साचा उघडला. आत ओळीनं गुळगुळीत खळगे. माझ्या नजरेला ते सरळ आप्पेपात्र दिसलं. आईचे संस्कार! मी ब्रश घेतला आणि एकेक खळगा मायेनं चोपडून काढला. शिसं ओतलं, भसकन धूर झाला आणि साच्यातून पडले ते बेदाणे.

काकांनी एक चिमट्यात धरून उजेडात फिरवला. "चटणी कुठंय?"

मग त्यांनी एक काडी तेलात बुडवली, फडक्याला पुसली आणि ती पुसलेली काडी बिजागरीला टेकवली. "थेंब नको. थेंबाची आठवण लाव."

एका शनिवारी ती काडी त्यांच्या हातून पडली. पुढच्या शनिवारी पुन्हा. मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं त्याचा अर्थ असा, की स्नायू चालवणाऱ्या नसा एकेक करून मरणार. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत.

"मशीन फर्स्ट क्लास आहे," काका आल्या-गेल्याला सांगायचे. "वायरिंग जळत चाललंय."

इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडताना शैलाकाकूंनी मला गाठलं. हातातली भेंडी न मोडताच म्हणाल्या, "मिलिंद, ती बंदूक ने रे घरातून. ते गॅरेजमध्ये गेले की मी ओट्यापाशी नुसती उभी असते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. रात्र रात्र डोळा लागत नाही."

"काकांना विचारलंत?"

"काय विचारू? कसं विचारू, तूच सांग."

सांता क्लाराहून त्यांच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला. "मिलिंदकाका, प्लीज, जस्ट टेक इट. ही विल लिसन टू यू." त्या गॅरेजमध्ये माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, अगदी पंख्यानंसुद्धा. तरी मी गेलो, आणि जाताना एक थाप रचून गेलो.

"काका, क्लबवाले जुन्या बंदुकांचं प्रदर्शन भरवताहेत. तुमची नेऊ का महिनाभर?"

"हो का?" काका म्हणाले. "मी त्या क्लबचा सेक्रेटरी आहे. मला कुणी बोललं नाही."

मी पंख्याकडे बघितलं.

"शैलानं पाठवलं?"

मी मान डोलावली. काकांनी फळीवरच्या बाटल्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "वरच्या फळीवरचा तो जाड डबा काढ."

त्या डब्याला मी कधी हात लावला नव्हता. आत मधासारखं दाट, काळपट तेल. "साचा वापरात असला तर ते पातळ," काका म्हणाले. "आणि ठेवून द्यायचा असला तर हे. आपल्याकडच्या पावसात गंज धरत नाही. पुन्हा वापरायचा झाला तर मात्र आधी सगळं धुऊन काढावं लागतं."

"मग पातळच लावतो ना. शनिवारी परत—"

"मिलिंद. जाड."

साचा त्यांच्या मांडीवर ठेवून मी तेल लावलं. त्यांची बोटं साच्याच्या कडेला नुसती टेकलेली होती, धरत नव्हती.

"खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "विचार आला होता. चहा पिताना आला."

"मग?"

"मग चहा संपवला." काका साच्याकडे बघत म्हणाले, "नंतर हे दार पहिलं कोण उघडणार, सांग. शैलाच ना?" त्यांनी हनुवटीनं बंदुकीच्या कपाटाच्या किल्लीची जागा दाखवली. "मी लांबच्या रस्त्यानं जातो. तिला सांग, झोप म्हणावं."

त्या दुपारी क्लबचे दोघं येऊन बंदूक, दारू, गोळ्या, सगळं क्लबच्या तिजोरीत ठेवायला घेऊन गेले.

रस्ता खरोखरच लांबचा निघाला. डॉक्टरांनी सांगितलेलं काही चुकलं नाही, क्रमसुद्धा नाही. घास गेला, पोटात नळी आली. आवाज गेला, तेव्हा डोळ्यांनी अक्षरं निवडायचं एक मशीन आलं. काका इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि ते मशीन अमेरिकन उच्चारात वाचायचं. त्या आवाजात काका मला शिव्या द्यायचे, तेव्हा वाटायचं, कुणी गोरा कस्टमर केअरवाला भडकलाय. पण फार वेळ हसता यायचं नाही. घशात साठलेली लाळ काढायची नळी काकूंच्या हातात कायम तयार असायची.

शेवटच्या आठवड्यात काकू आत कपड्यांच्या घड्या करत असताना मशीन बोललं, "शायला झोपटे का?"

"झोपतात," मी म्हणालो. "घोरतातसुद्धा."

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा फक्त डोळेच हलत. ते हलले.

काका गेले ते भर दुपारी. काकू शेजारच्या खुर्चीत होत्या. मी पोचलो तेव्हा मुक्ता आईला धरून बसली होती आणि काकू एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "मी झोपले होते रे. इथंच होते मी, आणि मला झोप लागली. ते गेले आणि मी झोपलेली."

माझ्या तोंडून गेलं, "बरं झालं, काकू."

मुक्तानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी उंबऱ्याशीच थबकलो. काकूंनी डोळे पुसायचेसुद्धा थांबवले.

"काय बरं झालं?"

आता मागे सरकायला जागा नव्हती. खाली बसलो आणि गॅरेजमधलं ते बोलणं त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलो. चहाचंसुद्धा.