आबिदाबाईंनी दिलेला शेवट

आबिदाबाई रंगमंचावर रडू लागल्या की समोरच्या बायका पदर शोधायच्या. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत पाठांतर कमीच; पडद्यामागून प्रॉम्प्टर वाक्य फेकतो, नट ते उचलतो. आबिदाबाईंना मात्र सगळं नाटक तोंडपाठ असे. आरमोरीच्या खेळात ऐन प्रवेशात प्रॉम्प्टरचा दिवा गेला आणि जमीनदार झालेले देवराव मुके होऊन उभे राहिले. सकाळी चहाच्या टपरीवर त्यांनीच सांगितलं, "बाई शब्द विसरली." कंपनी त्यांची, लोकांनी त्यांचंच खरं मानलं. पुढे आबिदाबाईंना कोणी काम दिलं नाही.

२००६ साली भाची नाहीदने राजुऱ्यात इंटरनेट कॅफे टाकला. तिथल्या संगणकावर आबिदाबाईंना एक मराठी वाचकगट दिसला; त्यात सगळे मिळून एक जुनी रशियन कादंबरी वाचत होते, आठवड्याला एक भाग. गटाचे प्रमुख देवराव. फोटोत मिशा अजून काळ्याभोर.

आबिदाबाईंनी वाचनालयातून कादंबरीचं भाषांतर आणलं आणि नाहीदच्या नावाने गटात शिरल्या. त्या सांगत, नाहीद टाइप करी. थोड्याच दिवसांत देवरावांचा खासगी निरोप आला : "नाहीदजी, डोळ्यांचा त्रास आहे. पुढच्या भागात काय होतं, थोडक्यात कळवाल?"

"म्हाताऱ्याले अजून प्रॉम्प्टर लागते," आबिदाबाई म्हणाल्या.

"नाई म्हणून लिहू?"

"काऊन? दे त्याले. खरं खरं दे."

दर आठवड्याला त्या देत गेल्या. देवराव तेच फुलवून मांडत, लोक वाहवा करत. मग शेवटचा भाग आला. कादंबरीची नायिका जमीनदाराला झिडकारून नावेत बसते आणि निघून जाते.

"लिही," आबिदाबाई म्हणाल्या, "ते त्याच्या पायावर पडते अन् त्याले माफ करते."

नाहीदची बोटं थांबली. "खाला, सगळ्यांसमोर फजिती होईल त्याची."

"माही का घरात झाली होती?"

देवरावांनी स्त्रीच्या क्षमेचा महिमा गायला, लांबलचक. खाली नाशिकच्या कुणीतरी विचारलं, "सर, ही कोणती कादंबरी?" मग हसणाऱ्यांची रांगच लागली.

खासगीत प्रश्न आला, "तुम्ही कोण?" उत्तर मात्र आबिदाबाईंनी सगळ्या गटासमोर पाठवलं : "तुमच्या कंपनीतली आबिदा. देवरावभाऊ, आरमोरीत शब्द कोण विसरलं, ते यांना सांगा."

देवराव गट सोडून गेले.

"आता तरी सोड त्याले, खाला," नाहीद म्हणाली.

"त्यानं कबूल केलं का?" आबिदाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मंग शोध. दुसऱ्या कोणत्या गटात शिरला ते पाह्य."